ऐरणीवरची हाक

१

तोकुहेईनं भट्टीच्या खोलीच्या खिडक्यांना फळ्या लावल्या, दार ओढून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आतून कडी घातली.

फळ्या रोजच लावायच्या असतात. तापलेल्या पोलादाचा रंग उजेडात कळत नाही, म्हणून बाहेर सकाळचे दहा वाजलेले असोत की दुपारचे दोन, तलवार घडवणाऱ्याच्या खोलीत अंधारच हवा. पण कडी कशाला? तर कडी लाजेपायी. त्याच्या बैठकीच्या डाव्या अंगाला कालपासून विजेवर चालणारा घण उभा होता. सेकी गावातला सुऱ्यांचा एक कारखाना बंद पडला, तिथून तो गुपचूप, ताडपत्रीखाली झाकून आणलेला. खालची पट्टी पायानं दाबली की वरचा ठोकळा धाडधाड खाली यायचा, पाय उचलला की थांबायचा. गावातल्या निम्म्या लोहारांकडे असले घण आहेत, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण तोकुहेईकडे नव्हता, आणि नाही म्हणूनच तर तो चाळीस वर्षं छाती पुढे काढून फिरला होता.

"यंत्र काय, सगळ्यांना सारखंच बडवतं," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. "माणसाचा घण पोलादाशी बोलतो. त्या बोलण्याचे पैसे घेतो मी. नको असेल तर स्टेशनाशेजारी दुकान आहे, तिथं भिंतीला टांगायला मिळतात तलवारी, चाळीस हजार येनला एक."

गिऱ्हाईक हसायचं आणि पस्तीस लाखांची तलवार सांगून जायचं.

तो बोलका घण होता त्याच्या धाकट्या भावाचा, मोसुकेचा. एकतीस वर्षं मोसुके ऐरणीपलीकडे उभा राहून घण मारत होता. गेल्या नोव्हेंबरात त्याच्या अंगावरून वारं गेलं. मोसुके डावखुरा, आणि लुळी पडली ती नेमकी डावी बाजू. वाचाही गेली. उरलं ते एक "हं". आता तो अंगणापलीकडच्या घरात, मागच्या खोलीत पडून असायचा. इकडे नागोयाच्या निवा नावाच्या दंतवैद्याची तलवार घडवायची राहिलेली. निवाची अट एकच होती: दोघा भावांचा हात हवा, यंत्र नको.

तोकुहेईनं भट्टीतून पोलाद बाहेर काढलं. लोण्यासारखा पिवळसर रंग आला होता. डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात छोटी हातोडी, आणि समोरच्या जुन्या ऐरणीवर त्यानं सवयीनं वाजवलं, टक्‌ टक्‌.

मग स्वतःशीच हसला. "अरे गाढवा," तो म्हणाला, "यंत्राला काय कान आहेत?"

कारण ती टक्‌टक् म्हणजे हाक असते. घणाच्या गदारोळात तोंडानं काही बोलता येत नाही. उस्तादानं हातोडीनं ऐरणीवर वाजवायचं, की समोरच्यानं घण टाकायचा. त्या घणाला त्यांच्या भाषेत जो शब्द आहे, तोच शब्द गोष्ट ऐकताना आपण जो हुंकारा देतो ना, त्यालाही आहे. उस्ताद बोलतो, समोरचा हुंकारा देतो. एकतीस वर्षं.

त्यानं पट्टी दाबली. यंत्र धडाडलं, जमीन हादरली, ठिणग्या उडाल्या. पोलाद निवत आलं तसा त्यानं पाय उचलला.

यंत्र थांबलं. आणि मग आणखी एक ठोका पडला. एकच, सावकाश आणि जड.

पट्टा सैल असेल, त्यानं ठरवलं. जुनं यंत्र आहे, असं करणारच.

२

"झाली का ओळख आमच्या नव्या भावजींशी?" दुपारी भात वाढताना किनुएनं विचारलं. किनुए म्हणजे तोकुहेईची बायको. तिची जीभ गावातल्या कुठल्याही सुरीपेक्षा धारदार, असं मोसुकेच पूर्वी म्हणायचा. "जेवायला नाही आणलंत त्यांना?"

"हळू बोल. मोसुके ऐकेल."

"ऐकू दे की. आवाज काय त्यांना येत नाही? पोकळ धाडधाड ती, लहान पोरालाही कळेल. आणि निवासाहेबांना कधी सांगणार?"

"सांगेन."

"केव्हा? तलवार पेटीत घालून फीत बांधल्यावर?"

तोकुहेईनं मुळ्याचं लोणचं तोंडात टाकलं. लोणचं तोंडात असलं की उत्तर द्यावं लागत नाही.

जेवण झाल्यावर तो नेहमीसारखा मोसुकेच्या उशाशी जाऊन बसला. दिवसभराचं काय काय ते सांगायचं आणि मोसुकेनं "हं", "हं" करायचं, असा दोघांचा शिरस्ता. पण आज मोसुके गाढ झोपला होता. तोंड उघडं, गाल आत गेलेले.

"सकाळपासून असेच आहेत," किनुए मागून म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "दहा-साडेदहाच्या सुमाराला बघायला आले तर घामानं निथळत होते. गादीसुद्धा पिळून काढावी अशी. फेब्रुवारी आहे हो. बाहेर बादलीत बर्फ धरलाय."

"शेगडी जवळ ठेवली असशील."

"शेगडी मी पेटवलीच नव्हती."

ताप असेल, तोकुहेई म्हणाला. किनुएनं कपाळाला हात लावून बघितलं होतं, ताप नव्हता.

३

चौदा दिवस त्यानं काम केलं. रोज फळ्या, रोज कडी. पोलाद तापवायचं, ठोकायचं, मधोमध दुमडायचं, पुन्हा तापवायचं. हातोडीची सवय काही सुटेना. दर वेळी हात आपोआप जायचाच, टक्‌ टक्‌. आणि दर वेळी पाय उचलल्यावर तो जास्तीचा ठोका. त्यानं पट्टा बदलला. स्प्रिंग बदलली. ठोका आपला पडतोच.

मोसुके मात्र खंगत चालला. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात असं व्हायचंच. पडून असणारा माणूस रोज इतका दमतो कशानं, ते डॉक्टरांनाही सांगता येईना.

पंधराव्या दिवशी तोकुहेईनं पोलादाच्या कांबीवर एक खिडकी उघडली. म्हणजे असं, की बोटाच्या पेराएवढी जागा दगडावर घासून लख्ख करायची आणि आतली रेष बघायची. घडी घालून घालून ठोकलेल्या पोलादात लाकडासारख्या रेषा उतरतात, आणि जाणत्याला त्या रेषेत हात दिसतो. यंत्राची रेष सपाट असते. साचलेल्या पाण्यासारखी, कुठंही ओढ नसलेली.

त्यानं कांब दाराच्या फटीतल्या उजेडात धरली.

रेषा डावीकडे ओढलेल्या होत्या.

ही ओढ त्याच्या चांगलीच ओळखीची. मोसुके डावखुरा, त्याचा घण शेवटच्या क्षणाला केसभर डावीकडे ओढला जायचा, आणि त्यावरून तोकुहेई त्याला एकतीस वर्षं शिव्या घालत आला होता. "सरळ मार की रे, भाताच्या उंड्या!" आणि मोसुके हसून पुन्हा तसाच मारायचा. जाणकार मात्र त्या ओढीवरच भाळायचे.

त्यानं ओळंबा आणून यंत्रावर सोडला. ठोकळा दोरीला धरून सरळ होता. मग जमीन तपासली. मग स्वतःची बैठक. आपणच कांब तिरकी धरत असू, आपलंही वय सदुसष्ट झालं, त्यानं मनाला समजावलं. मनाला पटलंही.

तेवढ्यात अंगणातून किनुएची हाक आली, आणि हाकेतच काहीतरी असं होतं की तो कांब तिथंच टाकून धावला.

ती मोसुकेच्या उशाशी बसली होती. त्याचा लुळा डावा हात तिनं मांडीवर घेतला होता. साडेतीन महिन्यांत त्या हाताची बोटं एकदाही मिटली नव्हती.

"हे बघा," ती म्हणाली. "आणि मला काहीतरी सांगा. काहीही सांगा, मी विश्वास ठेवीन."

तळव्यावर चार टपोरे फोड होते. एक फुटला होता. घणाच्या दांड्यानं येतात तसे, बोटांच्या मुळाशी, ओळीनं.



४

त्या रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही, आणि सकाळी हातपाय धुताना त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यंत्राला हाक लागत नाही. मग आपण इतके दिवस टक्‌टक् करून बोलावत होतो कुणाला?

माणूस शेवटपर्यंत खात्री करून घ्यायला बघतो. तोकुहेईनंही बघितलं. आधी त्यानं हातोडी खिळ्याला टांगली आणि नुसत्या यंत्रानं एक खेप ठोकून पाहिली. यंत्र गपगुमान चाललं. पाय उचलला, थांबलं. जास्तीचा ठोका नाही. खोलीत फक्त भट्टीची धुसफुस.

मग त्यानं यंत्राची वायर भिंतीतून उपसून काढली. लाल कांब जुन्या ऐरणीवर ठेवली. मोसुकेचा घण कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता, त्याच्या दांड्यावर कोळ्यानं जाळं विणलं होतं. ते जाळं तोकुहेईनं नीट बघून ठेवलं. हातोडी घेतली. 

टक्‌ टक्‌.

अंगणापलीकडून, दोन बंद दारांच्या आडून, अगदी बारीक आवाज आला. "हं."

तोकुहेईनं डोळे गच्च मिटून घेतले. समोर कुणीतरी पाय रोवल्यासारखी माती करकरली. चेहऱ्यावर वाऱ्याचा झोत आला. आणि ऐरण वाजली. हातातल्या सांडशीतून तो ठोका त्याच्या खांद्यापर्यंत चढला, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी भीतीच्याही आधी त्याला काय वाटलं असेल, तर आनंद. हा ठोका, हाच! साडेतीन महिने या ठोक्यासाठी तो तळमळत होता.

"अहो!" किनुए घरातून किंचाळली. "यांना श्वास लागलाय!"

त्यानं हातोडी आडवी केली आणि ऐरणीवर टेकवली. ठण्. ती थांबायची खूण. डोळे उघडले तेव्हा समोर कुणी नव्हतं. कांबीवर ताजा खड्डा होता, केसभर डावीकडे कललेला. कोपऱ्यातल्या घणावर कोळ्याचं जाळं नव्हतं.

त्यानं भट्टी विझवली, कुलूप घातलं आणि घरी येऊन मोसुकेच्या अंथरुणाशी कपाळ टेकवलं.

"चुकलो रे," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं. मी नाही बोलावणार आता. कधी नाही बोलावणार. तू इथंच राहा."

मोसुके छताकडे बघत होता. त्यानं हुंकारा दिला नाही.

५

भट्टी नऊ दिवस बंद राहिली, आणि मोसुकेला उतार पडला. आधी पेज पोटात राहायला लागली. मग गालांवर रंग आला. आठव्या दिवशी किनुए त्याला भरवत असताना त्यानं तिच्या मागं उभ्या असलेल्या तोकुहेईकडे बघितलं आणि "दा" म्हणाला. एवढंच. पुढचा "दा" काही निघाला नाही. तोकुहेई बाहेर जाऊन विहिरीशी उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडला.

मग निवासाहेब आले. पूर्वी ठरल्याप्रमाणे, तलवार कुठवर आली ते बघायला. गोरापान, गुबगुबीत, हौशी माणूस. सोबत नागोयाची मिठाई.

तोकुहेईनं त्यांना बसवलं, कांब आणून समोर ठेवली आणि चहा यायच्या आधीच सांगून टाकलं. "निवासाहेब, ही कांब यंत्रावर ठोकलीय. मोसुके अंथरुणावर आहे. मी तुम्हाला फसवत होतो. हवी असेल तर नुसत्या यंत्रावर दुसरी करून देतो, किंमत चौथा हिस्सा. नको असेल तर नको म्हणा."

निवांनी कांब घेतली, खिशातून भिंग काढलं, खिडकीशी नेली. बराच वेळ बघत राहिले. मग हसायला लागले.

"उस्ताद, मी लोकांचे दात बघून त्यांचं वय सांगतो. मला फसवू नका. यंत्र म्हणे! ही डावी ओढ बघा. यंत्राला एकवेळ ताकद येईल, ही खोड कुठून येणार? मी पैसे देतो ते या खोडीचे."

"मी खरं बोलतोय हो."

"कळलं. भाऊ आजारी, त्याच्याकडून काम करून घेतलंत म्हणून लाज वाटतेय तुम्हाला. घ्या की वेळ. दोन वर्षं घ्या. पण उरलेली तलवार याच हातानं व्हायला हवी. पस्तीस काय, मी पन्नास लाख देईन."

"नाही."

"अहो, पण का?"

आता याला काय सांगणार? तोकुहेईनं त्यांच्या हातून कांब परत घेतली. शेवटी निवा म्हणाले, निदान भट्टी तरी पेटवून दाखवा, इतक्या लांबून आलोय. तेवढं नाही म्हणवेना. त्यानं कुलूप काढलं, फळ्या लावल्या, कोळसा पेटवला, कांब निखाऱ्यात सरकवली. नुसती बघण्यापुरती. निवा बाजूच्या ओंडक्यावर बसून डोळे विस्फारून बघत होते.

"अहो, जरा इकडे येता का?" किनुएची हाक आली. "यांना कुशीवर वळवायचंय, मला एकटीला नाही झेपत."

"आलो." तोकुहेई उठला. "निवासाहेब, कशाला हात लावू नका हं."

"मी काय लहान पोर आहे?" निवा म्हणाले.

हातोडी खिळ्याला होती. ती कमरेला खोचून न्यायला हवी होती. पण तो घाईत होता, आणि मनातून हलकाही झाला होता. खरं बोलून टाकलं होतं, पैसे नाकारले होते, आता वाईट व्हायला काय उरलंय असं त्याला वाटलं.

६

त्यानं मोसुकेच्या काखेत हात घातले. किनुएनं गुडघे धरले. अंगावर मांस धरलं होतं, वजन लागत होतं, आणि त्या वजनाचंच त्याला सुख वाटत होतं.

टक्‌ टक्‌.

अंगणापलीकडून. हौशी, खेळकर, जरा वाकडा ताल.

तलवारींच्या नादाची माणसं सगळी अशीच. उस्तादाच्या बैठकीवर क्षणभर बसून बघायचं, हातोडी घेऊन ऐरणीवर दोनदा वाजवायचं, एवढं सगळ्यांनाच येतं. थांबायची खूण मात्र त्यांना कुणी शिकवलेली नसते.

"हं," मोसुके म्हणाला. ठणठणीत, एकतीस वर्षांपूर्वीच्या आवाजात. आणि तोकुहेईच्या हातातलं वजन एकदम कमी झालं.

"नको!" तो ओरडला. "मोसुके, मी नाही बोलावलं! तो मी नाही!" पण मोसुकेचे डोळे उघडे असून कुठंच बघत नव्हते. "धर याला," त्यानं किनुएला सांगितलं. "बोलत राहा याच्याशी, सोडू नको!" आणि तो अनवाणी अंगणात धावला.

धाड. टक्‌ टक्‌. धाड. आतून निवासाहेबांचा आवाज, "वा! वा, काय हात आहे!"

दार उघडून आत गेल्यावर अंधारात त्याला आधी फक्त भट्टी दिसली. मग निवा. ते त्याच्या बैठकीवर बसले होते. एका हातात सांडशी, एका हातात हातोडी, घामाघूम तोंड लाल उजेडात चमकत होतं, आणि ते वर बघत होते, समोर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तसं, अदबीनं, हसून. ऐरणीपलीकडे, उजेड जिथं संपत होता तिथं, उचललेल्या घणाचा दांडा होता. दांड्यावर दोन हात होते. डावा वर.

त्याच्याही वर तोकुहेईनं बघितलं नाही.

त्यानं निवांच्या हातातून हातोडी हिसकावली, आडवी केली आणि ऐरणीवर टेकवली. थांब! ठण्.

पण घाईत जोर जास्त लागला. हातोडी ऐरणीवरून उडाली आणि पुन्हा आपटली. ठण्.

एकदा म्हणजे थांब, दम घे. दोनदा म्हणजे झालं, आजचं काम संपलं, आता जा. मोसुकेनं एकतीस वर्षांत उस्तादाची एकही खूण मोडली नव्हती.

"हं," समोरून हुंकारा आला. घण भिंतीला टेकवून ठेवल्याचा आवाज झाला.

तोकुहेईनं पुन्हा ऐरणीवर वाजवलं. टक्‌ टक्‌. टक्‌ टक्‌. "ये," तो म्हणत होता, "ये रे, परत ये, काम आहे अजून." ऐरणीवरची कांब काळी पडत चालली होती. घरातून किनुएचा हंबरडा आला, आणि मग तिचाच आवाज मोसुकेला हाका मारत राहिला.

निवा रुमालानं मान पुसत होते. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

"कशाला त्यांना परत बोलावताय, उस्ताद?" ते म्हणाले. "दमले असतील. मला वाकून नमस्कार केला हो त्यांनी जाताना. आत्ताच गेले, हात धुवायला."

अंगणात विहिरीशी कुणीतरी बादलीतलं पाणी ओतत होतं.